नाव बदललं, फोटो तसाच

भाचीचा प्रवेश अर्ज भरत होतो. फोटो आयफोनवर काढलेला, फाईलच्या नावाशेवटी .एचईआयसी, म्हणजे आयफोनचा फोटो साठवायचा प्रकार. अर्जाला हवा जेपीजी, तोही ५० केबीच्या आत. मी शहाणपणा केला: फाईलवर राइट क्लिक, रिनेम, शेपूट .जेपीजी. साइट म्हणाली, फाईल अवैध. तीनदा.

डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतल्या साखरेचं मीठ होत नाही, हे मला कळायला हवं होतं. फाईलच्या सुरुवातीच्या बाइट्समध्येच तिचा खरा प्रकार लिहिलेला असतो आणि साइट बहुधा तेच तपासत असावी.

मग शेपूट पूर्ववत केलं, फोटो मॅकच्या प्रिव्ह्यूमध्ये उघडला, आधी आकार लहान केला, मग फाईल, एक्स्पोर्ट, जेपीईजी. दर्जाची पट्टी मागे ओढत गेलो. ४६ केबीला थांबलो.

अर्जाला सहीचीही जेपीजी हवी होती, तिने मात्र रडवलं. पीएनजी होती, मागची बाजू पारदर्शक. दुसऱ्या एका अ‍ॅपने तिचं जेपीजी केलं तर नुसता काळा चौकोन! काळ्या शाईची सही काळ्यावर, दिसणार काय? जेपीजीत पारदर्शकता नसतेच. रिकाम्या जागी कुठला रंग भरायचा ते अ‍ॅप ठरवतं. गिंप या फोटो सुधारायच्या प्रोग्रॅममध्ये मागचा रंग पांढरा ठेवून इमेज मेनूतलं 'फ्लॅटन इमेज' दाबलं, मग जेपीजी म्हणून एक्स्पोर्ट. झालं.

आता ताईच्या फोनमध्ये सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स इथे 'मोस्ट कम्पॅटिबल' करून ठेवलंय, म्हणजे फोटो थेट जेपीजीच निघतात. फोटो जास्त जागा खातात म्हणून ती कुरकुरते, पण पुढचा अर्जही मलाच भरायचाय.