फुप्फुसाच्या कर्करोगाचा बायोमार्कर अहवाल कसा मिळवावा आणि कसा वाचावा

बायोमार्कर म्हणजे उपचार ठरवायला मदत करणाऱ्या, गाठीतील किंवा रक्तातील खुणा: प्रथिने आणि जनुकीय बदल. ठाण्यात किंवा वाशीत बायोप्सी होऊन पुढील उपचारांसाठी रुग्णाला खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संस्थेत किंवा परळच्या टाटा रुग्णालयात न्यायचे असेल, तर छापील अहवालाबरोबर पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइडही (त्याचे काचेवरील पातळ काप) मागून घ्याव्यात. सुईने काढलेला तुकडा फार लहान असतो. गाठीचा प्रकार ठरवण्यातच त्याचे बहुतेक काप संपले, तर जनुकीय तपासणीसाठी काही उरत नाही आणि रुग्णाला पुन्हा सुई सोसावी लागते. म्हणून त्या तपासणीपुरता नमुना राखून ठेवावा, अशी विनंती डॉक्टरांना बायोप्सीपूर्वीच करावी. ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

अहवालात प्रथम गाठीचा प्रकार पाहावा. टीटीएफ-१ हे प्रथिन बहुधा ॲडेनोकार्सिनोमाकडे (ग्रंथीसारख्या पेशींचा प्रकार), तर पी४० हे प्रथिन स्क्वॅमस प्रकाराकडे (चपट्या पेशींचा) निर्देश करते.

त्यानंतर पीडी-एल१ची टक्केवारी येते. ज्या कर्कपेशींवर हे प्रथिन दिसले त्यांचे ते प्रमाण असून १ टक्क्याहून कमी, १ ते ४९ आणि ५० किंवा अधिक असे गट मानतात. मोठा आकडा पाहून घरची मंडळी लगेच इम्युनोथेरपीचा (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या उपचारांचा) आग्रह धरतात. येथेच सर्वाधिक सावधगिरी हवी. पेशींच्या वाढीशी संबंधित ईजीएफआर जनुकात एक्झॉन १९ डिलीशन (जनुकाचा छोटा भाग गळणे) किंवा एल८५८आर हा बदल असेल, अथवा एएलके जनुकाची पुनर्रचना असेल, तर पीडी-एल१ भरपूर असूनही इम्युनोथेरपीचा लाभ सहसा कमी मिळतो, आणि तिच्या पाठोपाठ ओसिमर्टिनिब हे ईजीएफआर-बदलावरचे औषध दिल्यास फुप्फुसांना गंभीर दाह होण्याचा धोका वाढतो. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर हे निकाल येईपर्यंत थांबता येईल का, असे डॉक्टरांना अवश्य विचारावे. धूम्रपान कधीच न केलेल्या रुग्णांत हे बदल अधिक आढळतात, पण धूम्रपानाचा इतिहास आहे म्हणून तपासणी टाळू नये.

जनुक-अभिव्यक्तीच्या (जनुक किती सक्रिय आहे हे पाहणाऱ्या) चाचणीत आरएनए, म्हणजे जनुकावरून पेशीत तयार होणारी प्रत, मोजतात. आरएनए आणि प्रथिन यांची प्रमाणे नेहमी जुळतातच असे नाही, त्यामुळे एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये. एएलके, आरओएस१ आणि आरईटी यांचे जनुक-संयोग (दोन जनुके तुटून एकत्र जुळणे) शोधण्यासाठी मात्र आरएनए-चाचणी फार उपयोगी पडते.

उपचार सुरू असताना रक्तातील सीईए हे प्रथिन वाढले, तर तेवढ्यावरून आजार वाढल्याचा निष्कर्ष काढू नये, कारण ते धूम्रपानानेही वाढते. शक्यतो त्याच प्रयोगशाळेत चाचणी पुन्हा करून सीटी स्कॅनशी ताडून पाहावे. स्कॅनमध्ये वाढ दिसल्यास जुन्या अहवालावर विसंबू नये. गेफिटिनिब किंवा एर्लोटिनिब ही ईजीएफआर-बदलावरची औषधे घेणाऱ्या सुमारे निम्म्या रुग्णांत पुढे ईजीएफआरमध्ये टी७९०एम हा औषधाला दाद न देणारा बदल उद्भवतो आणि तो रक्ताच्या लिक्विड बायोप्सीतही (रक्तात आलेल्या गाठीच्या डीएनएच्या तपासणीत) सापडू शकतो. ती निगेटिव्ह आल्यास बदल नाहीच असे ठरत नाही, म्हणून शक्य असेल तेथे पुन्हा बायोप्सी करावी; काही रुग्णांत गाठीचे स्मॉल सेल या वेगळ्या, वेगाने वाढणाऱ्या प्रकारात रूपांतर होते आणि त्याची खात्री प्रत्यक्ष तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच करता येते.