आयएनआरचं यंत्र घेताना आधी पट्ट्या बघा

घरच्या घरी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, मोजायचं यंत्र निवडायला बसलं की नजर स्क्रीनकडे, आकाराकडे आणि किमतीकडे जाते. ती तिथून उचला आणि ज्यांवर रक्ताचा थेंब घालायचा त्या पट्ट्यांवर ठेवा. मागच्या वेळी मी नेमकं उलटं केलं. यंत्र आधी आणलं, आणि पट्ट्या नियमित कुठून मिळणार हा प्रश्न डबी संपत आल्यावर पडला. त्यामुळे या यादीत पट्ट्या पुन्हा पुन्हा येतील, चालवून घ्या.

मुळात रुग्णाला यंत्र लागणार आहे का? आयएनआर वॉरफरिन, ॲसिनोकुमारॉल या जातीच्या, रक्ताच्या गुठळ्या टाळणाऱ्या गोळ्यांचा परिणाम मोजतो. हृदयात मेकॅनिकल (कृत्रिम) झडप बसवलेली असेल तर अशी गोळी जन्मभराची. गुठळ्या टाळणाऱ्या नव्या गोळ्यांनी ही मोजण्याची कटकट संपेल म्हणून थांबू नका. त्यातली डाबिगाट्रान मेकॅनिकल झडपेच्या रुग्णांना देऊन पाहिली, तर गुठळ्याही वाढल्या आणि रक्तस्रावही; चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि २०१३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. टिश्यू (प्राण्याच्या ऊतींपासून केलेली) झडप असेल तर गोळी बहुतेक वेळा काही महिन्यांपुरतीच असते. तेवढ्यासाठी यंत्र कशाला, हे आधी विचारा.

डॉक्टरांकडून दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या. एक, आयएनआर किती ते किती हवा. महाधमनीच्या झडपेला साधारण २ ते ३ आणि मायट्रलला २.५ ते ३.५ सांगतात, पण झडपेची जात आणि हृदयाचे ठोके बघून हे बदलतं, तेव्हा दुसऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका. दोन, आकडा आल्यावर डोस कोण ठरवणार आणि किती आला तर लगेच फोन करायचा. घरी मोजणं वेगळं आणि स्वतः डोस बदलणं वेगळं. डोस बदलण्यासाठी रीतसर शिकवणी लागते.

तिसरा प्रश्न लोक विचारतच नाहीत: हे यंत्र या रुग्णाच्या रक्ताला चालेल का? अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडी (काहींच्या रक्तात तयार होणारी, गोठण्याच्या चाचण्या बिघडवणारी प्रथिनं) असतील तर बोटाच्या थेंबावरचा आकडा फसवा निघू शकतो. हिमॅटोक्रिटलाही (रक्तातल्या तांबड्या पेशींच्या प्रमाणाला) मर्यादा असते; कोॲग्युचेक एक्सएस या यंत्रासाठी ती २५ ते ५५ टक्के आहे. मोठा ॲनिमिया असेल तर हे आधी तपासा.

आता पट्ट्या. यंत्र वर्षानुवर्षं टिकतं, पट्टी एकदाच वापरायची. म्हणजे खरा खर्च पट्ट्यांचा, आणि यंत्र स्वस्तात देणारा तो तिथेच वसूल करतो. एका कंपनीची पट्टी दुसरीच्या यंत्रात चालत नाही. तेव्हा विक्रेत्याला विचारा: पट्ट्या कायम मिळतात की मागवाव्या लागतात? यायला किती दिवस? हातात येतील तेव्हा एक्स्पायरीला किती महिने उरलेले असतील? ‘मिळतात हो, काळजी करू नका’ हे उत्तर नाही. तुमच्या देखत एक डबी मागवायला लावा, येऊ द्या, मग यंत्राचे पैसे द्या.

हिशेबही नीट करा. आठवड्याला एक चाचणी म्हणजे वर्षाला बावन्न पट्ट्या, हे फक्त कागदावर. थेंब कमी पडला, पट्टी गेली. उशीर झाला, पट्टी गेली. नव्या माणसाच्या हातून सुरुवातीला बऱ्याच जातात. म्हणून किती मायक्रोलिटर रक्त लागतं हेही बघा. काही यंत्रांना तीन पुरतं, काहींना आठ-दहा लागतं. म्हाताऱ्या, गार पडणाऱ्या बोटांना हा फरक जाणवतो.

साठवण: अनेक पट्ट्यांना २ ते ३० अंश चालतं. उन्हात पडलेलं पार्सल, गाडीचा डॅशबोर्ड, शेगडीजवळचं कपाट, सगळं बाद. डबीचं झाकण लगेच लावायचं. काही यंत्रांत पट्ट्यांच्या प्रत्येक लॉटबरोबर (एकत्र बनलेल्या गटाबरोबर) वेगळी कोड चिप येते, ती यंत्राला त्या पट्ट्यांची माहिती देते. नवी डबी उघडली की जुनी चिप काढून नवी घाला.

आणि लॉट नंबर लिहून ठेवा. २०१८ मध्ये अमेरिकेत कोॲग्युचेकच्या पट्ट्यांची अकरा लाखांहून जास्त पाकिटं परत मागवली गेली. यंत्रं ठीक होती, पट्ट्यांचं कॅलिब्रेशन (आकडा ठरवायचं प्रमाण) बदललं होतं आणि मोठे आकडे खऱ्यापेक्षा जास्त दिसत होते. आकडा जास्त दिसला की माणूस गोळी कमी करतो, आणि मेकॅनिकल झडपेत गुठळीला तेवढंच हवं असतं. म्हणून आकडा ४.५ च्या वर आला तर शिरेतल्या रक्तावर खात्री करून घ्या, पट्ट्या कुठल्याही असोत.

पहिल्या दिवशी लॅबशी ताडून बघा. शिरेतलं रक्त दिल्यावर लगेच घरचीही चाचणी करा, दोन्ही आकडे लिहा. आकडा डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत असेल तर ०.५ पर्यंत फरक सहसा चालवून घेतात. जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवा. पुढेही अधूनमधून ताडा, नवा लॉट आला की तर नक्कीच.

टोचताना: कोमट पाण्याने हात धुवा, पूर्ण कोरडे करा, हात थोडा वेळ खाली लोंबू द्या. शुगरच्या वेळी पहिला थेंब पुसायची सवय असेल तर ती इथे सोडा. बहुतेक यंत्रांना पहिलाच थेंब हवा असतो, तोही टोचल्यापासून पंधरा सेकंदांच्या आत. बोट पिळू नका, पिळल्याने बाहेर येणारा ऊतींचा रस रक्त गोठवायला लागतो आणि आकडा चुकतो. थेंब कमी पडला तर त्याच पट्टीवर दुसरा घालायचा नाही. नवं बोट, नवी पट्टी.

बाकीचं भराभर. ब्लूटूथ असलं तर असू दे, वही तरीही ठेवा: तारीख, आकडा, डोस, लॉट. जास्तीच्या बॅटऱ्या. आकडे लांबून वाचता येतील असा स्क्रीन. लॅन्सेट (टोचायची सुई) जाड डब्यात टाका. अँटिबायोटिक सुरू झालं किंवा जेवण सुटलं तर डॉक्टरांना विचारून चाचणी लवकर करा. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी यंत्र चालवता यायला हवं. दहा पट्ट्या उरल्या की पुढची डबी मागवा, पाच नाही, दहा.

तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, शौच काळी झाली, डोक्याला मार लागला, झडपेची टिकटिक एकदम दबकी झाली, तर यंत्र काढत बसू नका. थेट हॉस्पिटल, आणि वही सोबत.