सर्पिल दीर्घिका बघताना आणि तिचा फोटो वाचताना या चुका टाळा

देवयानी (अँड्रोमेडा) ही दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांची प्रचंड वसाहत, पहिल्यांदा दुर्बिणीतून बघणाऱ्याचा चेहरा मला आता पाठ झालाय. डोळा लावायचा, दोन सेकंद थांबायचं आणि विचारायचं, "फोकस नीट आहे ना?" फोकस अगदी व्यवस्थित असतो. समोर असतो तो राखाडी, धुरकट डाग, मध्यभागी जरा उजळ. फोटोतले, केंद्राभोवती वळत गेलेले निळे-गुलाबी बाहू कुठेच दिसत नाहीत.

मग हमखास होणारी चूक म्हणजे जास्त वर्धनाची नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग) लावणं. आधीच फिका असलेला उजेड त्यामुळे आणखी पसरतो आणि डागही विरून जातो. त्यात देवयानी आकाशात सुमारे ३ अंश पसरलेली आहे, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र शेजारी शेजारी मांडावेत इतकी. बहुतेक दुर्बिणींत तिचा फक्त मधला भाग मावतो. साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) इथे सरस ठरते. वीसेक मिनिटं अंधारात बसा, मोबाइल खिशात ठेवा आणि डागाकडे रोखून न बघता नजर किंचित बाजूला ठेवा. रंग मात्र तरीही दिसणार नाहीत. इतक्या कमी उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत, त्याला दुर्बीण काय करणार? बाहूंचीही तीच गत. एम ५१ या दुसऱ्या दीर्घिकेचा सर्पिल आकार खगोलनिरीक्षक लॉर्ड रॉस यांना १८४५ मध्ये पहिल्यांदा दिसला, तेव्हा त्यांच्याकडे १.८ मीटर व्यासाचा आरसा होता. तुमच्या सहा इंची दुर्बिणीला नावं ठेवण्याआधी हे आठवा.

आता फोटो. देवयानीच्या फोटोत सगळीकडे विखुरलेले टपोरे ठिपके तिच्यातले तारे आहेत असं बरेच जण धरून चालतात. ते आपल्याच आकाशगंगेतले, वाटेत आडवे आलेले तारे. देवयानी त्यांच्या कितीतरी पलीकडे, २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे. उलट तिच्या कडेला जो फुगीर 'तारा' दिसतो, तो तारा नसून एम ३२ ही वेगळी छोटी दीर्घिका आहे. सॉफ्टवेअरने तारे पुसताना मी एकदा तीही पुसून टाकली होती, आणि आठवडाभर तोच फोटो कौतुकाने लोकांना दाखवत होतो.

देवयानी लांबट दिसते म्हणून ती लांबट आहे असंही समजू नका. ती गोल तबकडीच आहे, आपल्याकडे खूप तिरकी झालेली. तबकडी किती पातळ असते? आपली आकाशगंगा साधारण १ लाख प्रकाशवर्षं रुंद आणि तिची ताऱ्यांची चकती हजारेक प्रकाशवर्षं जाड. १२ सेंटिमीटरची सीडी १.२ मिलिमीटर जाड असते, प्रमाण तेच. फक्त सीडीला मधे भोक असतं, इथे जुन्या पिवळसर ताऱ्यांचा फुगवटा. एनजीसी ४५६५ ही दीर्घिका आपल्याला कडेने दिसते, त्यामुळे तिची सुई होते. त्या सुईतली काळी रेघ म्हणजे फट नव्हे, मागचा उजेड अडवणारी धूळ.

सगळ्यात मोठी गफलत बाहूंबाबत होते. बाहू म्हणजे ताऱ्यांच्या पक्क्या माळा आणि मधे नुसती पोकळी, असं फोटो बघून वाटतंच. थोडा हिशेब करू. सूर्य केंद्रापासून सुमारे २६,००० प्रकाशवर्षांवर आहे आणि एका फेरीला त्याला २२-२३ कोटी वर्षं लागतात. त्याचं वय ४६० कोटी, म्हणजे वीसेक फेऱ्या झाल्या. आतल्या ताऱ्यांच्या याहून कितीतरी जास्त. माळ पक्की असती, तर एव्हाना तिचे इतके वेढे पडले असते की बाहू वेगळे ओळखूच आले नसते. प्रत्यक्षात ते एक-दोन वळशांत संपतात.

१९६४ मध्ये लिन आणि शू या शास्त्रज्ञांनी याचं उत्तर मांडलं: बाहू ही दाटीची लाट आहे. तारे आणि वायू तिच्यात शिरतात आणि बाहेर पडतात. हे फोटोत पडताळता येतं. एम ५१ चा चांगला फोटो मोठा करा आणि एका बाहूच्या आतल्या, खोलगट कडेपासून बाहेर सरका. आधी धुळीची काळी पट्टी लागेल, तिथे वायू दाबला जातो. मग गुलाबी ठिपके, म्हणजे नव्या ताऱ्यांनी उजळलेला हायड्रोजन. त्यापुढे निळे तारे. हे निळे तारे इतके अल्पायुषी, की बाहूपासून फार लांब जाण्याआधीच संपतात. म्हणून बाहू झगमगतात. दोन बाहूंमधल्या 'रिकाम्या' जागेत तारे असतातच, जरा कमी आणि फिके, एवढंच.

पण हे सूत्र सरसकट लावू नका. एनजीसी २८४१ सारख्या दीर्घिकांत पिंजलेल्या कापसासारखे तुटक तुकडे असतात, तिथे दोन ठसठशीत बाहू शोधत बसण्यात अर्थ नाही. एम ५१ च्या बाबतीत तर शेजारच्या साथीदार दीर्घिकेची ओढही आहे. तो साथीदार बाहूच्या टोकाला लटकवल्यासारखा दिसतो, पण आहे किंचित मागे. नीट बघा, बाहूतली धूळ त्याच्या कडेवरून आडवी गेलेली दिसते.

भोवऱ्यासारखा आकार म्हणून सगळं मधल्या कृष्णविवरात ओढलं जातंय, हाही असाच गैरसमज. आपल्या केंद्रातलं कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांएवढं आहे, आणि आकाशगंगेत तारेच किमान दहा हजार कोटी. तारे आत पडत नाहीत, केंद्राभोवती फिरत राहतात.

तुमच्या रेखाटनात बाहू पुस्तकातल्यापेक्षा उलटे वळत असतील, तर घाबरू नका. नेत्रिकेआधी डायगोनल (उजेड वळवणारा छोटा आरसा) लावला असेल, तर आरशासारखी डावी-उजवी बाजू बदलते.

आणि 'आपल्या आकाशगंगेचा फोटो' म्हणून बाण काढून सूर्य दाखवलेलं जे फिरत असतं, ते चित्र असतं. आपण चकतीच्या आत आहोत. असा फोटो काढायला चकतीच्या वर हजारो प्रकाशवर्षं जावं लागेल, आणि १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर १ अजून एक प्रकाशवर्षही लांब गेलेलं नाही. चित्रातला ताऱ्यांचा मधला आडवा दांडा मात्र खरा आहे. मुख्य बाहू कुठे दोन, कुठे चार काढलेले असतात, ते त्या चित्रकाराने कोणती मोजणी धरली त्यावर.