बुप्रेनॉर्फिनची गोळी सुरू केलीय? मग या चुका टाळा

"डॉक्टरांची गोळी घेतली आणि आणखीनच मरायला टेकलो की!" गर्द, कोडीनचं खोकल्याचं सिरप किंवा ट्रमाडॉलच्या गोळ्या सोडायला ओपीडीत जाणारे पहिल्या दिवशी हेच म्हणतात. बहुतेक वेळा गोळीत काही खोट नसते, ती घ्यायची वेळ चुकलेली असते.

बुप्रेनॉर्फिन हे अफूच्याच जातीतलं औषध. मेंदूत गर्द जिथं चिकटते तिथंच हेही चिकटतं, पण पकड जास्त घट्ट आणि परिणाम अर्धवट. गर्द अजून अंगात असताना ही गोळी जिभेखाली ठेवली, तर ती गर्दला तिथून हुसकावते आणि अर्ध्या-एक तासात उलट्या, जुलाब, घाम, अंगावर काटा, हाडं मोडल्यासारखं दुखणं असा सगळा त्रास एकदम उसळतो. म्हणून शेवटच्या गर्दनंतर साधारण ८ ते १२ तास थांबायचं. जांभया, नाक-डोळे गळणं, अस्वस्थपणा चांगला सुरू झाला की मग पहिली गोळी, तीही डॉक्टरांच्या नजरेखाली, थोड्या मात्रेत, बहुधा २ ते ४ मिलिग्रॅम. मेथाडोनसारखं लांब टिकणारं औषध घेतलं असेल तर दीड-दोन दिवसही थांबावं लागतं.

इथं लोक खोटं बोलतात. दुपारी घेतलेली असते आणि डॉक्टरांना "काल रात्री" सांगतात, कारण पोलिसांची भीती. तुमची माहिती गुप्त ठेवणं हे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं दवाखान्यावर बंधनकारक आहे. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, स्वतःहून उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या गुन्ह्यात आणि थोड्या मालाच्या प्रकरणात खटल्यापासून संरक्षणही आहे. मात्र उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. तेव्हा वेळ खरी सांगा. आणि गोळीनंतर त्रास उसळलाच, तर त्यावर उतारा म्हणून पुन्हा गर्द ओढायची नाही. तिचा असर नीट होत नाही, मग माणूस जास्त घेतो आणि जीवावर बेततं. त्याच डॉक्टरांकडे परत जा. बहुधा एखाद्या दिवसात हे ओसरतं, आणि तोवर द्यायला औषधं असतात.

दुसरी चूक तोंडातली. ही गोळी गिळायची नसते. गिळली तर पोटातून आणि यकृतातून जाताना बहुतेक वाया जाते, मग "चार गोळ्या खाऊनही तलफ जात नाही" असं होतं. जिभेखाली ठेवायची, पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही, लाळ गिळायची नाही, चहा नाही. आणि आपल्या निपाणी-चिकोडीकडे सांगावीच लागते अशी गोष्ट: गालात तंबाखूची चिमट असताना गोळी ठेवायची नाही! चूळ भरून तोंड मोकळं करा, जीभ ओली असू द्या, मग गोळी. विरघळल्यावर पाण्यानं तोंड खुळखुळवा, पण ब्रश तासाभरानं. या गोळीनं दातांची झीज होऊ शकते, आणि मिश्री लावणाऱ्यांचे दात आधीच खिळखिळे असतात.

गोळी कुटून इंजेक्शन करणाऱ्यांसाठी एक वाक्य. नालोक्सोन म्हणजे अफूवर्गीय औषधाचा असर उतरवणारं औषध, आणि ते मिसळलेली गोळी असं इंजेक्शन रोखण्यासाठीच असते: जिभेखाली नालोक्सोन जवळजवळ लागूच पडत नाही, पण शिरेत गेलं तर वर सांगितलेला त्रास लगेच सुरू.

आता घरच्यांची चूक, आणि माझ्या मते ही सगळ्यांत वाईट. "दारू सोडवायची गोळी" म्हणून मिळालेलं औषध जेवणात गुपचूप मिसळणं. त्यात नाल्ट्रेक्सोन (अफूवर्गीय औषधाचा असर अडवणारं औषध) असेल आणि माणूस गर्द किंवा ट्रमाडॉल घेत असेल, तर तो तासाभरात तडफडायला लागतो. बुप्रेनॉर्फिनवर असलेल्यालाही तेच. नाल्ट्रेक्सोन अफूवर्गीय सगळं बंद केल्यावर ७ ते १० दिवसांनी, यकृताची तपासणी करून, त्याला सांगून द्यायचं औषध आहे. काकूंनी आणि वहिनींनी आमटीत घालायचं नाही.

चार महिने बरं चाललं की घरात कुजबुज सुरू होते. "एक व्यसन सुटलं, आता या गोळीचं लागलं." मग येत्या वारीला माळ घालायची, पोरगी बघायची, त्याआधी गोळ्या बंद. माळ घालायला कुणाची ना नाही, पण गोळी त्या दिवशी सोडू नका. हा उपचार बहुधा वर्षभर आणि त्याहूनही जास्त चालतो. थांबवायचा तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. एकदम सोडलेल्या माणसाची जुनी सहनशक्ती गेलेली असते. पाय घसरून त्यानं पूर्वीइतकीच गर्द घेतली, की श्वास मंदावतो. ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, हाक मारून उठत नाही असं दिसलं तर १०८ ला फोन करा आणि कुशीवर वळवा. तोंडात पाणी ओतू नका.

सीमाभागाची म्हणून एक अडचण आहे. खानापूरचा पोरगा गोव्यात कामाला, निपाणीचा कोल्हापूरला, आणि कागद बेळगावच्या दवाखान्यात. सुरुवातीला बरीच केंद्रं गोळी समोर बसवूनच देतात, मग विश्वास बसला की काही दिवसांच्या घरी. ही गोळी गल्लीतल्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. त्यामुळे गाव बदलायचं ठरलं की आधीच डॉक्टरांकडून मात्रा लिहिलेली चिठ्ठी मागून घ्या आणि पोहोचण्याच्या गावातल्या केंद्राला फोन करून ठेवा. दोन्हीकडून गोळ्या उचलू नका; ते कधीतरी उघडकीला येतं आणि दोन्ही दारं बंद होतात. गाडीत गोळ्यांबरोबर चिठ्ठी असू द्या. औषध एनडीपीएस कायद्याखालचं आहे, तपासणी नाक्यावर नुसती पाकिटं समजावून सांगणं जड जातं.

बेळगावात बिम्स या सरकारी मेडिकल कॉलेजच्या जिल्हा रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत जाण्याआधीही हे औषध कधी मिळतं ते विचारून घ्या, फुकट हेलपाटा नको. कन्नड जड जात असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करून मराठी बोलणारा समुपदेशक मागा. व्यसनमुक्तीसाठीची वेगळी हेल्पलाइन १४४४६.

बाकी थोडक्यात. गोळीवर असताना दारू आणि अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्या नकोत, दोन्हींनी श्वास दबतो. पोट साफ होत नाही ही तक्रार येणारच. पाणी, भाजीपाला, आणि नाहीच झालं तर डॉक्टरांना सांगा. गरोदर बाईनं गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पोटातल्या बाळाला ते जास्त धोक्याचं. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळलं पाहिजे.

आणि एखादा दिवस चुकला तर आठवल्यावर नेहमीची मात्रा घ्या, दुप्पट नको. पाच-सहा दिवस चुकले, किंवा मध्ये गर्द झाली, तर जुनी मात्रा स्वतःहून सुरू करू नका. दवाखान्यात जा, तिथं पुन्हा पहिल्या दिवसासारखी सुरुवात करतील. घरात लहान मूल असेल तर पाकीट कुलपात ठेवा, देव्हाऱ्यामागं नव्हे.