ट्रॅक्टरवरच्या नावासाठी कोनेदार, जाड मराठी अक्षर कसं काढायचं

आजकाल पोट्ट्यांले ट्रॅक्टरच्या बोनेटवर नाव पाहिजे ते एकदम रोबोट-टाइप, लोखंडी पत्रा कापून काढल्यासारखं, अन् मंग ते ऑर्बिट्रॉनसारखा फॉन्ट डाउनलोड करतात. दिसते भारी, पण त्याच्यात देवनागरी नाईच, मराठी टाइप केलं का कॉम्प्युटर गुपचूप दुसराच फॉन्ट लावून देते.

घाई असंल तं गूगल फॉन्ट्सवरून टेको नाई तं राजधानी घ्या, दोन्ही इंडियन टाइप फाउंड्रीचे, फुकट, धंद्यात वापरले तरी चालते. टेको बोल्ड लांबून चांगला वाचता येते. पण अस्सल धार पाहिजे असंल तं स्वतःच काढा राजेहो.

चौकडीची वही घ्या. शिरोरेषेपासून खालपर्यंत १० घरं, उभी काठी २ घरं जाड. शिरोरेषा मात्र जराशी बारीक ठेवा, आडवी रेघ तेवढ्याच मापाची असली तरी डोळ्याले जाड वाटते. जिथं गोलाई येईल तिथं ४५ अंशात कापा, अन् सगळ्या नावात कोन तोच ठेवा, नाई तं प्रत्येक अक्षर वेगळ्या गावचं वाटते. ट, ठ, ढ पटकन होतात, ळ अन् ह मात्र डोकं खातात, त्याईले थोडी जास्त रुंदी द्या. अनुस्वार चौकोनी अन् मोठा पाहिजे.

आता खरी गोम. ध अन् भ च्या डोक्यावर शिरोरेषा डावीकडं तुटलेली असते, अक्षर जाड केलं का ते फट बुजते अन् ध चा घ होते, भ चा म. धामणगावच्या भाऊनं ट्रॉलीवर 'घामणगाव' घेऊन मंडीत जायचं का? ते फट दीड घर तरी मोकळी ठेवा, बाकी अक्षर दबलं तरी चालंल. ख चंही तसंच, खालचा जोड सुटला का लोक 'रव' वाचतात. नाव मोबाइलवर नखाएवढं करून घरातल्या म्हाताऱ्याले वाचायले द्या, अडखळले तं फट वाढवा.

टेको-राजधानीवालं नाव इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून ऑब्जेक्ट टू पाथ करा (अक्षराचा नुसता आकार होते), म्हणजे रेडियम स्टिकरच्या दुकानात तो फॉन्ट नसला तरी फरक नाई पडत. वहीवरचं असंल तं फोटोवरून सरळ रेघांनी गिरवा. मंग युनियन (सगळे आकार जोडून एकच) नक्की करा, कारण अक्षरं शिरोरेषेत एकमेकांवर चढलेली असतात अन् युनियन नसंल तं प्लॉटर (स्टिकर कापायची मशीन) तिथंच मधोमध काप मारते. पीडीएफ करून रेडियमवाल्याले द्या.

अन् बाहेरची टोकं सुईसारखी नका ठेवू, टोकाचा शेंडा जरासा छाटा, धुळीत अन् उन्हात रेडियम पयले तिथूनच उचलते. चिकटवायच्या आधी बोनेटवरचं ऑइल-डिझेल साबणानं धुऊन पूर्ण वाळू द्या.