वादळानं खिळखिळी झालेली घराजवळची झाडं थंडीतच उतरवा

वळवाच्या वाऱ्यानं आणि पावसाळ्यातल्या झडीनं मुळं हललेलं झाड आज उभं दिसतं, म्हणून ते सावरलं असं समजू नका. एप्रिल-मेमध्ये पुन्हा वळीव येईल, तेव्हा ते घरावर किंवा गोठ्यावर येऊ शकतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत जमीन वाळून घट्ट असते, क्रेन रुतत नाही आणि पानझडीच्या झाडांच्या बेचक्यातल्या चिरा स्पष्ट दिसतात.

बुंध्याभोवती फिरून बघा. एका बाजूची माती उचलली आहे का, बुडाला अळंबी आली आहे का, खोड ठोकल्यावर पोकळ वाजतं का? झाड या वर्षीच कललं असेल आणि त्याच्या टप्प्यात घर असेल, तर ते काढायलाच हवं. पण खोड शाबूत आहे आणि फांदीच मोडली आहे, तर झाड राखा. परड्यातला जुना फणस किंवा आंबा घाईनं आडवा करू नका. मोडकी फांदी आधी खालून थोडी कापा, मग जरा पुढे वरून. अशानं साल खोडापर्यंत सोलत नाही. उरलेला खुंट खोडाजवळच्या फुगवट्याबाहेर कापून बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी.

कौलांवर रेललेलं किंवा दुसऱ्या झाडात अडकलेलं झाड मात्र घरच्या माणसांनी तोडू नये, हे कळकळीनं सांगतो. वाकलेल्या खोडात ताण भरलेला असतो, करवत लागताच ते उसळून माणसाच्या छातीवर येतं. जाणकार तोडकऱ्याकडून शेंड्याकडून तुकडे करत, दोरानं एकेक खाली सोडून घ्या. जनावरं आधीच दुसरीकडं बांधा. तार जवळ असेल तर महावितरणला 1912 वर कळवून वीज बंद करून घ्या. उंच फांद्यांवर आग्यामोहोळ आहे का, तेही बघा.

आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग ही झाडं 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यात येतात. गावात वनविभागाची, कोल्हापूरसारख्या शहरात महापालिकेची परवानगी घ्या. अर्जाला चिरा आणि घर एकत्र दिसतील असे फोटो जोडा.

पायालगतचं बूड जेसीबीनं उपटू नका, पायाची माती ढिली होते. ते जमिनीलगत कापा आणि ओंडके भिंतीला टेकवून रचू नका, वाळवी लागते.