युरोपात हॉकी शिकवायला निघण्याआधी जर्मन रोजगार नियमावलीचं कलम २२ आणि कलम २६ वाचा

कॅनडात ज्युनिअर किंवा विद्यापीठ पातळीवर आइस हॉकी खेळून झालं आहे, मोठ्या लीगमध्ये जागा मिळेल असं वाटत नाही, पण बर्फ सोडवत नाही आणि युरोपात प्रशिक्षक म्हणून जावं असं मनात घोळतं आहे, अशा मराठी घरांतल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. खेळाची ओळख करून देणार नाही, ती तुम्हाला आहेच. मी ऑन्टॅरियोत मुलींच्या ज्युनिअर लीगमध्ये खेळले, मग विद्यापीठाच्या संघात डिफेन्सला. त्यानंतर दक्षिण जर्मनीतल्या एका छोट्या क्लबात आले. दुपारी मुलांना शिकवायचं, रात्री महिला संघाचा सराव, शनिवार-रविवार बसमध्ये. आता खेळणं थांबलं आहे आणि शिकवणं हेच पूर्णवेळ काम आहे. इथे टिकायला मला खेळापेक्षा कागदांशी जास्त झगडावं लागलं, म्हणून या लेखात कागद जास्त आहेत.

ही वाट जुनी आहे, एवढं आधी मनात पक्कं असू द्या. ब्रिटिश कोलंबियातल्या ट्रेल गावचा माइक बुकना १९३५ मध्ये प्रागला गेला, तिथे खेळता खेळता शिकवू लागला, आणि १९४७ मध्ये त्याच्या हाताखालचा चेकोस्लोव्हाकिया जगज्जेता झाला. विनिपेगमध्ये जन्मलेले हॅरल्ड क्राइस १९७८ ला जर्मनीत मानहाइमला आले आणि १९९७ पर्यंत त्याच एका क्लबासाठी खेळले. मग प्रशिक्षक म्हणून स्वित्झर्लंडमध्ये लुगानो आणि झुरिकला विजेतेपदं मिळवून दिली. २०२३ मध्ये त्यांच्या जर्मन संघाने जागतिक स्पर्धेत रौप्य जिंकलं. त्याआधीचं जर्मनीचं जागतिक स्पर्धेतलं पदक १९५३ चं होतं. मुलींनी जेसिका कॅम्पबेलचं नाव लक्षात ठेवावं. सस्कॅचेवानची ही खेळाडू न्युर्नबर्गच्या पुरुष संघात सहायक प्रशिक्षक झाली, २०२२ च्या जागतिक स्पर्धेत जर्मनीच्या पुरुष संघाच्या बेंचमागे उभी राहिली आणि २०२४ मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमधली पहिली पूर्णवेळ महिला सहायक प्रशिक्षक झाली. जर्मनीतल्या त्या कामाची तिच्या पुढच्या वाटचालीत मोठी मदत झाली असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे युरोपात जाणं म्हणजे मागे पडणं, असं घरच्यांनी म्हटलं तर ही नावं सांगा.

आता ज्या गोष्टीने माझा जवळजवळ अख्खा हंगाम गिळला ती. ही सावकाश वाचा.

माझ्या विद्यापीठाच्या संघातून युरोपात गेलेल्या बऱ्याच जणींकडे दुसरा पासपोर्ट होता. कुणाचे आजोबा इटलीतून कॅनडात आलेले, कुणाची आजी पोलंडची. त्या सगळ्यांचा सल्ला एका ओळीचा असायचा: क्लबशी बोल आणि विमानात बस. त्यांच्यापुरता तो खरा होता, कारण युरोपीय संघाच्या नागरिकाला जर्मनीत कामाचा परवाना लागतच नाही. माझी आजी सांगलीची. आपल्या घरांत असा आजी-आजोबांकडून येणारा पासपोर्ट नसतो, त्यामुळे संघातल्या मैत्रिणींचा सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू होत नाही. हे मला त्या वेळी कुणीही सांगितलं नाही, म्हणून मी तुम्हाला सांगते आहे.

मी आले ती कॅनडा-जर्मनी युवा करारावर. १८ ते ३५ वयाच्या कॅनेडियन नागरिकांना त्याखाली १२ महिन्यांपर्यंत जर्मनीत राहून काम करता येतं. मोठ्या पगाराची अट नाही, कागद मोजके. पहिलं वर्ष यावर सुरळीत जातं, आणि फसगत इथेच होते. क्लबला वाटतं पुढेही असंच चालेल. आपल्याला वाटतं, वर्षभर चांगलं काम केलं की परवान्याचं आपोआप होईल. मुलं छान स्केटिंग करू लागलेली असतात, पालक समाधानी असतात, क्लब म्हणतो राहा. मग क्लबच्या कार्यालयातलं कुणीतरी नव्या अर्जावर काम काय या रकान्यात ‘व्यावसायिक प्रशिक्षक’ लिहितं.

हा एक शब्द लिहिला की अर्ज जर्मन रोजगार नियमावलीच्या कलम २२ मध्ये जातो. तिथे खेळाडू आणि प्रशिक्षकांसाठी वेगळी तरतूद आहे, आणि तिच्या अटी मोठ्या क्लबांच्या मापाच्या आहेत. क्लबने दिलेला ग्रॉस पगार, म्हणजे कर आणि विमा कापण्याआधीचा, पेन्शन विम्याची वर्गणी ज्या कमाल पगारापर्यंत कापली जाते त्या मर्यादेच्या निम्मा तरी हवा. २०२५ मध्ये ही मर्यादा महिन्याला ८,०५० युरो होती, म्हणजे निम्मे ४,०२५ युरो. हा आकडा दर जानेवारीत बदलतो आणि साधारण वरच जातो. शिवाय तुम्ही प्रशिक्षक म्हणून लायक आहात असं जर्मन आइस हॉकी फेडरेशनने जर्मन ऑलिम्पिक महासंघाच्या संमतीने कळवावं लागतं. सगळ्यात वरच्या लीगमधल्या मुख्य प्रशिक्षकाला हे जड नाही. तिसऱ्या पातळीच्या क्लबात दहा-बारा वर्षांच्या मुलांना शिकवणाऱ्या माणसाला एवढा पगार कोण देणार?

त्यात क्लब तुमच्याशी बोलतो तो हातात पडणाऱ्या पगाराच्या भाषेत. इतके युरो हातात, वर फ्लॅट, वर गाडी. युरोपच्या हॉकीत बोलणी अशीच होतात आणि ऐकायला ती फार छान वाटतात, कारण भाडं नाही, पेट्रोल नाही, खर्च जवळजवळ नाहीच. पण परवाना देणारं कार्यालय करारावरचा ग्रॉस आकडा बघतं. माझ्या करारात तो या अटीच्या आसपासही नव्हता. अर्ज फेटाळला गेला आणि मी रिंकच्या काचेबाहेर उभी राहून माझ्याच मुलांचा सराव दुसऱ्याला घेताना पाहिला. फ्लॅट क्लबचा होता, म्हणून तोही सोडावा लागला. राहतं घर, गाडी, पगार आणि देशात राहण्याचा हक्क हे सगळं एकाच सहीवर टांगलेलं असतं, हे तेव्हा कळलं.

सुटका झाली ती त्याच नियमावलीच्या कलम २६ मुळे. कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, दक्षिण कोरिया, इस्रायल, ब्रिटन अशा मोजक्या देशांच्या नागरिकांना, शिक्षण काहीही असो, जवळजवळ कुठल्याही नोकरीसाठी तिथे परवानगी मिळू शकते. चार हजारांची ती अट इथे नाही. रोजगार खातं दोन गोष्टी तपासतं: या जागेसाठी देशातला किंवा युरोपातला उमेदवार उपलब्ध आहे का, आणि पगार त्या भागात त्या कामाला मिळतो तेवढा आहे का. माझं खरं काम निव्वळ सराव घेण्यापुरतं नव्हतंच. शाळांत जाऊन मुलं गोळा करणं, लहानांची स्केटिंग शाळा चालवणं, सगळ्या वयोगटांचं वेळापत्रक बसवणं, हे सगळं मी करत होते. करारात ते सविस्तर लिहिलं, जागा युवा विभागाची समन्वयक म्हणून जाहीर केली, पगार बाजाराप्रमाणे ठरला, आणि परवाना झाला. खोटं नाव देऊन जागा बनवू नका, ते पकडलं जातं आणि पुढचे अर्जही अडकतात. जे काम करता ते पूर्ण लिहा, एवढंच. आणि अर्ज टाकण्याआधी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात किंवा वकिलाकडे विचारून घ्या की तुमचं काम कुठल्या कलमात बसेल. वकिलाचे पैसे वाचवू नका.

अजून दोन गोष्टी याच सापळ्यातल्या. पहिली, जुना परवाना संपण्याआधी नवा अर्ज दाखल झाला पाहिजे. तसं केलं तर निर्णय येईपर्यंत जुना परवाना चालू धरला जातो आणि कामही करता येतं. एक दिवस उशीर झाला तर हे संरक्षण हातचं जाऊ शकतं. दुसरी आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाची: हे सगळे दरवाजे कॅनडाच्या पासपोर्टला आहेत, पीआर म्हणजे कायम रहिवासाच्या कार्डाला नाहीत. घर कॅनडात, शाळा कॅनडात, हॉकी कॅनडात, पण पासपोर्ट अजून भारतीय असेल, तर युवा करारही नाही आणि कलम २६ ही नाही. कॅनेडियन नागरिक जर्मनीत पोहोचून परवान्याचा अर्ज करू शकतो, भारतीय नागरिकाला निघण्याआधीच व्हिसा हवा. अशा वेळी शिक्षणाचा मार्ग मला सगळ्यात सरळ वाटतो. विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, आणि क्लबात अर्धवेळ शिकवायला ते पुरतं. कोलोनला तर निव्वळ क्रीडाशास्त्राला वाहिलेलं एक विद्यापीठ आहे. नागरिकत्वाचा अर्ज थोड्याच काळात करता येणार असेल तर मात्र थांबा आणि तो पासपोर्ट घेऊन या.

हे वाचून धसका घेऊ नका. कागद नीट असले तर बाकीचं जमतं, आणि जमवताना आनंद होतो.

बर्फाचंच घ्या. कॅनडातला रिंक २०० बाय ८५ फुटांचा. युरोपात अजूनही बरेच रिंक ६० बाय ३० मीटरचे आहेत, म्हणजे रुंदीला सुमारे १३ फूट जास्त. कोपऱ्यातल्या पकवर (रबरी चकतीवर) झडप घालायला निघालेला आपला फोरचेकर, म्हणजे समोरच्याच्या भागात जाऊन पक हिसकावणारा, पोहोचेपर्यंत समोरच्याने पास देऊन झालेला असतो. कॅनडातून आणलेले ड्रिल तसेच घेतले तर मुलं नुसती कडेकडेने फिरत राहतात आणि गोलासमोर कुणीच नसतं. मी डिफेन्सच्या मुलांना पहिले काही महिने एकच गोष्ट शिकवली: कडेला गेलेल्याच्या मागे धावू नका, मधली जागा सोडू नका. जर्मन मुलं ‘का’ विचारतात. दहा वर्षांचं पोरही विचारतं. हा उद्धटपणा नाही. उत्तर दिलंत की तोच मुलगा ते दुसऱ्याला शिकवतो.

क्लब म्हणजे इथे कंपनी नसते, नोंदणीकृत संस्था असते, आपल्याकडच्या गणेश मंडळासारखी. अध्यक्ष, खजिनदार, वर्गणी, वार्षिक सभा, जुने मानापमान, आणि या सगळ्याला धरून ठेवणारे पाच-सहा निःस्वार्थी लोक. ते पाच-सहा कोण हे पहिल्या महिन्यात ओळखा. बर्फ तयार करणाऱ्या माणसाशी चांगलं वागा, सरावाची वेळ त्याच्या हातात असते. जर्मन शिका. इंग्रजीवर भागतं असं सांगणारे पालकांच्या बैठकीला कधी बसलेले नसतात. प्रशिक्षक परवान्याचे सी, बी, ए हे टप्पेही जर्मनमधूनच पार करावे लागतात, आणि कॅनडातली प्रमाणपत्रं आपोआप त्यांच्या बरोबरीची धरली जात नाहीत. तरी ती घेऊनच या, हाय परफॉर्मन्स १ या कॅनडातल्या वरच्या प्रशिक्षक-प्रमाणपत्रापर्यंत जमलं तर उत्तम.

मार्गदर्शकांबद्दल माझी मतं कडक आहेत. ‘आधी ये, कागदांचं नंतर बघू’ म्हणणारा माणूस तुमचा मार्गदर्शक नाही, मग तो किती का मोठ्या लीगमध्ये खेळलेला असेना. एजंटला पैसे देऊन प्रशिक्षकाची पहिली नोकरी शोधू नका, छोटे क्लब थेट ईमेलला उत्तर देतात. इन्स्टाग्रामवर शंकूंभोवती पक फिरवून दाखवणारे कौशल्य-प्रशिक्षक पाहून सराव आखू नका, त्यात प्रतिस्पर्धीच नसतो. मला घडवलं ते एका वयस्कर मुख्य प्रशिक्षकाने. ते मला रात्री सामन्याचं चित्रीकरण कापायला बसवायचे आणि सकाळी विचारायचे, हा तुकडा का निवडलास? असा प्रश्न विचारणारं कुणी भेटलं तर पगार थोडा कमी असला तरी तिथे राहा. पण परवान्याच्या अटीखाली जाईल इतका कमी घेऊ नका.

आणि हकालपट्टी. ती होते. मुख्य प्रशिक्षक गेला की बऱ्याचदा त्याचे सहायकही जातात. जर्मनीत आता खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याची भीतीही आहे, २०२२ मध्ये क्रेफेल्डसारखा जुना क्लब वरच्या लीगमधून खाली गेला. दुसरीकडे क्वेबेकच्या सर्ज ओबांचं उदाहरण आहे. खेळाडू म्हणून ज्या हॅम्बुर्गच्या क्लबात होते तिथेच ते प्रशिक्षक झाले, आणि २०१६ मध्ये तो क्लबच बंद पडला. पुढच्याच हंगामात त्यांनी व्हिएन्नाला ऑस्ट्रियात विजेतेपद मिळवून दिलं. नंतर झुरिकच्या क्लबाने त्यांना हंगामाच्या मध्यात काढलं. बर्लिनला २०२१ आणि २०२२ ला जिंकले, २०२३ ला संघ प्लेऑफमध्येही पोहोचला नाही, पण क्लबने त्यांना ठेवलं आणि २०२४ व २०२५ ला पुन्हा विजेतेपद आलं. नोकरी गेली म्हणजे तुम्ही नालायक, असं इथे कुणी मानत नाही. युवा विभागातल्या जागा त्यामानाने स्थिर असतात, आणि सुरुवात तिथूनच करावी असं मी सांगेन.

पुढच्या हंगामासाठी क्लब साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये माणसं ठरवू लागतात आणि ऑगस्टमध्ये बर्फ तयार होतो. म्हणजे पत्रं जानेवारीत जायला हवीत. पहिल्या ईमेलमध्ये खेळाची कारकीर्द चार ओळींत आटपा आणि कुठल्या वयोगटाला काय शिकवलं ते सविस्तर लिहा. बोलणी सुरू झाली की ग्रॉस पगार किती, अर्ज कुठल्या कलमाखाली टाकणार, आणि करार मध्येच संपला तर फ्लॅट किती दिवस राहील, हे लेखी विचारा. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर दुसऱ्या क्लबला लिहा. युवा कराराची वयाची मर्यादा ३५ आहे, तुमच्याकडे वेळ आहे. एखादा हंगाम कॅनडात गावच्या लहान मुलांच्या संघाबरोबर गेला तरी काही बिघडत नाही, ईमेलमध्ये पहिल्यांदा तेच काम लिहायचं आहे.